कानातला मळ म्हणजे घाण नव्हे

नौपाड्यात आमच्या शेजारच्या काकूंचा ठाम समज आहे: कानातला मळ म्हणजे घाण, ती रोज अंघोळीनंतर बड्सने काढलीच पाहिजे. गेल्या पावसाळ्यात डोक्यावरून पाणी घेतलं आणि त्यांचा उजवा कान गच्च बसला. म्हणाल्या, "अगं, पाणी शिरलंय." पाणी निमित्त होतं. बड्सने आत ठासलेला मळ पाण्याने फुगला आणि वाट बंद झाली.

मोठ्या माणसाची कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या भागात, पडद्याजवळ नव्हे. आतली कातडी हळूहळू बाहेर सरकते, बोलता-चावताना जबडा हलतो, आणि मळ आपोआप कडेला येतो. तो चिकट असतो, धूळ अडवतो, कातडी कोरडी पडू देत नाही. बड्सला जो पिवळा डाग लागतो तो बघून आपल्याला समाधान. उरलेला मात्र पडद्याकडे ढकललेला! (हेअरपिनवाल्यांबद्दल न बोललेलंच बरं.)

कानतज्ज्ञांनी काकूंना आधी काही दिवस मळ मऊ करणारे थेंब दिले. मग कोमट पाण्याची पिचकारी. कोमटच, कारण गार पाण्याने गरगरतं. ट्रेमध्ये खजुराच्या बीएवढा काळपट गोळा पडला आणि काकू दचकल्या: "पंखा एवढा आवाज करतो?"

पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल, तर ही पिचकारी चालत नाही. घरचं तेलही नको.