पिल्लू अंड्यात आधीच असतं की घडत जातं?

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की कोल्हापूरकडच्या गावांत पाचव्या-सहाव्या रात्री कुणीतरी आजी अंडं बॅटरीसमोर धरून बघते. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं परत कोंबडीखाली. काहीच दिसलं नाही तर ते गाभळलं.

अ‍ॅरिस्टॉटलनं याच जिज्ञासेपोटी अंडी फोडून पाहिली. तीन दिवसांनंतर त्याला रक्ताचा एक उडता ठिपका दिसला. ते हृदय. म्हणजे अवयव एकामागून एक घडतात आणि पहिलं हृदय, असा त्यानं निष्कर्ष काढला.

आपल्याकडे सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात, शरीररचनेवरच्या शारीरस्थान या भागात हाच वाद रंगलाय. शौनक म्हणतो आधी डोकं, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य नाभी, मार्कंडेय हातपाय. धन्वंतरी सगळ्यांना खोडून काढतो : सगळं एकदमच होतं, सूक्ष्म असल्यानं दिसत नाही, एवढंच. दाखला आंब्याचा. पिकल्यावर रेषा, गर, कोय वेगवेगळी दिसतात. बाळकैरीत ती निराळी काढता येत नाहीत. यात आजचं विज्ञान शोधायचा मोह टाळलेला बरा. मला मोल वाटतं ते विरोधकांची मतं नावानिशी नोंदवण्याचं. त्याच ग्रंथात चौथ्या महिन्यातल्या गर्भवतीला दोन हृदयांची, दौहृदिनी म्हटलंय. आपले डोहाळे त्या दौहृदातलेच.

युरोपात सूक्ष्मदर्शक आला आणि गोंधळ वाढला. १६७० च्या दशकात इटलीत माल्पिघी या वैद्याला न उबवलेल्या अंड्यातही पिल्लाची रूपरेषा दिसली. अंडं ऐन ऑगस्टच्या उकाड्यातलं होतं, वाढ आधीच सुरू झाली असावी, असं पुढच्यांनी म्हटलं. मग सगळं आधीपासून तयारच असतं, नुसतं मोठं होतं, हे मत बळावलं. १६९४ मध्ये हार्टसूकरनं शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस चित्रात रेखाटून दाखवला. तसा तो दिसला, असा मात्र त्याचा दावा नव्हता.

ही कल्पना पोखरली कोंबडीच्याच अंड्यानं. वोल्फनं १७५९ च्या प्रबंधात रक्तवाहिन्या नव्यानं तयार होतात असं मांडलं; पुढे, सपाट पदर दुमडून आतड्याची नळी होते, हेही दाखवलं. १८१७ मध्ये पांडरनं पिल्लाच्या भ्रूणातले, अवयव ज्यांतून घडतात ते तीन थर ओळखले. कोल्हापुरात प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ३३ तासांच्या कोंबडीच्या भ्रूणाची स्लाइड लागते, तेव्हा जर्नलात पेन्सिलनं उतरवायची ती हीच घडी पडत जाणारी पट्टी. १८२७ मध्ये फॉन बेअरला कुत्रीच्या बीजकोशात सस्तन प्राण्याचं बीजांड सापडलं.

तरी वाद मिटला नव्हता. १८८८ मध्ये रू या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या दोनपेशी गर्भातली एक पेशी तापल्या सुईनं मारली. उरलीनं अर्धाच भ्रूण दिला. म्हणजे वाटणी आधीच ठरलेली! तीनेक वर्षांनी ड्रीशनं समुद्री साळू या काटेरी समुद्री प्राण्याच्या गर्भातल्या दोन पेशी हलवून सुट्या केल्या. प्रत्येकीनं अख्खी अळी दिली, फक्त लहान. रूच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला तिथंच चिकटून राहिली होती, ती सुटी झालीच नव्हती; गोची तिथं होती. बाळकैरी मधोमध कापून दोन आंबे होत नाहीत, इथं झाले.