एकात्मीकरण (व्यवसाय व वित्त)

उत्पादनाचे टप्पे, कंपन्या किंवा बाजार एका नियंत्रणाखाली अथवा समान नियमांखाली आणण्याची प्रक्रिया.

उद्योगात सर्वाधिक चर्चा होते ती उभ्या एकात्मीकरणाची. यात कच्च्या मालापासून विक्रीपर्यंतच्या साखळीतला मागचा किंवा पुढचा टप्पा कंपनी स्वतःकडे घेते. मागे जाण्याचे ठळक भारतीय उदाहरण रिलायन्सचे. १९६६ मध्ये नरोड्याला कापड गिरणी, १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिएस्टर धागा, मग हजिऱ्याला पेट्रोरसायने आणि १९९९ मध्ये जामनगरला तेलशुद्धीकरण. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने मात्र सहसा या चर्चेत येत नाहीत. खरे तर ऊस पिकवणाऱ्यांनीच सभासद होऊन गाळपाचा पुढचा टप्पा हाती घेतला, हेही एकात्मीकरणच. प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढे अनेक कारखान्यांनी मळीपासून इथेनॉल आणि बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) वीजही काढली.

हे का घडते? बाजारातून माल घेताना भाव शोधणे, करार करणे, तो पाळला जातो का पाहणे यालाही खर्च येतो, अशी मांडणी अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये केली. हा खर्च घरच्या व्यवस्थापनापेक्षा जड झाला की कंपनी तो टप्पा आत ओढते. जोखीमही सोबत येते: मागणी घटली की सगळेच टप्पे एकदम अडचणीत येतात.

एकाच टप्प्यावरच्या संस्था एकत्र आल्या की ते आडवे एकात्मीकरण. यात स्पर्धा घटण्याची भीती असल्याने ठरावीक मर्यादेपुढील विलीनीकरणांना भारतीय स्पर्धा आयोगाची संमती लागते. कागदोपत्री विलीनीकरण एका दिवसात होते. संगणकप्रणाली, पदश्रेणी आणि कामाच्या सवयी जुळवण्याचे काम बरेच लांबते. १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका व भारतीय महिला बँक स्टेट बँकेत आल्या, त्यानंतर अनेक शाखांचे आयएफएससी संकेतांकही बदलले.

देशांच्या पातळीवर जकात उठवण्यापासून सामाईक चलनापर्यंतच्या वाटचालीला आर्थिक एकात्मीकरण म्हणतात. १९५७ च्या रोम करारातून उभी राहिलेली युरोपीय बाजारपेठ हा त्याचा ठळक नमुना.

काळा पैसा पांढरा करण्याच्या व्यवहारातही ही संज्ञा आहे. पैसा बँकव्यवस्थेत घुसवणे, व्यवहारांचे थर चढवून माग पुसणे आणि शेवटी जमीनजुमला किंवा धंद्यातून तो वैध कमाईसारखा वापरात आणणे, यातला तिसरा टप्पा म्हणजे एकात्मीकरण. भारतात यावरचा कायदा २००२ चा असून १ जुलै २००५ पासून लागू आहे.