बाळाच्या डोळ्यातील जन्मजात दोष : कारण कुठे शोधायचे?

बाळाच्या डोळ्यातील काळी बाहुली गोल नसून खालच्या बाजूला ओघळल्यासारखी, किल्लीच्या भोकासारखी लांबट दिसते, हे पुष्कळदा आईवडिलांच्याच प्रथम लक्षात येते. डॉक्टर या दोषाला कोलोबोमा म्हणतात आणि तो जन्मजात असल्याचे सांगतात. ‘जन्मजात’ या शब्दातून दोष केव्हापासून आहे एवढेच कळते. तो का आला, हे कळत नाही. त्यामुळे तपासणीच्या खोलीतून बाहेर पडेपर्यंत आईच्या मनात सगळ्या गरोदरपणाची उजळणी सुरू झालेली असते: सहाव्या महिन्यात आलेला ताप, डोके दुखले म्हणून घेतलेली गोळी, तो दगदगीचा प्रवास. या शंकांना विज्ञानापाशी बऱ्याच अंशी नेमके उत्तर आहे आणि ते तिला पहिल्याच भेटीत मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

गर्भाचा डोळा वाढत्या मेंदूतून बाहेर येणाऱ्या एका फुगवट्यापासून घडतो. हा फुगवटा त्वचेच्या दिशेने सरकतो, आत दबला जाऊन वाटीसारखा होतो आणि त्याच्या तोंडाशी त्वचेच्या थरापासून नेत्रभिंग तयार होते. या वाटीला खालच्या अंगाने, किंचित नाकाकडे, एक फट असते. आतल्या पेशींना रक्त पुरवणारी वाहिनी याच फटीतून डोळ्यात शिरते, म्हणून काही दिवस ती उघडी राहणे आवश्यकच असते. पुढे गर्भधारणेपासूनच्या साधारण पाचव्या ते सातव्या आठवड्यात तिच्या कडा जवळ येतात आणि शिवण घातल्यासारख्या सांधल्या जातात. ही शिवण पुढच्या टोकाशी अपुरी राहिली तर बुबुळात, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात, खाच दिसते. मागच्या टोकाशी राहिली तर दृष्टिपटलाचा किंवा दृष्टिचेतेचा (डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसेचा) काही भाग नीट घडत नाही आणि नजरेचे नुकसान बरेच जास्त होऊ शकते. बाहुलीची खाच बहुतेक बाळांमध्ये खालच्याच बाजूला का असते, याचे उत्तरही त्या फटीच्या जागेत आहे.

म्हणजेच दोषाच्या जागेवरून त्याची वेळ कळते. मात्र इथे आठवडे मोजण्याच्या दोन पद्धतींमुळे गोंधळ होतो. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे त्यांच्या हिशेबात ही सांधणी सुमारे सातव्या ते नवव्या आठवड्यात होते. अनेक स्त्रियांना तेव्हा दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. सहाव्या महिन्यातील ताप, त्यानंतरची धावपळ किंवा प्रसूतीच्या वेळची अडचण यांचा कित्येक महिने आधी न सांधलेल्या फटीशी काहीही संबंध असू शकत नाही.

बाहेरची कारणे मुळीच नसतात, असा याचा अर्थ नाही. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मजात मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची नोंद मांडली. त्यांपैकी बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला, म्हणजे तेव्हा अगदी किरकोळ समजला जाणारा गोवरासारखा आजार, होऊन गेला होता. ग्रेग यांना हा धागा त्यांच्या दवाखान्यात बसलेल्या आयांच्या आपापसातील बोलण्यातून सापडला, असे सांगितले जाते. गर्भाला असा धोका असतो यावर तोवर डॉक्टरांचा फारसा विश्वास नव्हता. हा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करता आला तो १९६२ मध्ये आणि त्यावरची लस १९६९ मध्ये आली. आईवडिलांची आठवण हा पुरावा असू शकतो, हे ग्रेग यांच्या कामाने दाखवून दिले. फक्त त्या आठवणीला तारीख जोडावी लागते.

तरीही ठळक दोष असलेल्या अनेक बाळांमध्ये शोध अखेर जनुकांपाशी येतो आणि तिथे आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो: ‘आमच्या दोन्हीकडे कुणालाच असे नाही, मग हे आनुवंशिक कसे?’ प्रत्येक बाळाच्या डीएनएमध्ये आईवडिलांपैकी कोणाच्याही शरीरात नसलेले सुमारे साठ-सत्तर नवे बदल असतात. अब्जावधी अक्षरांची नक्कल होताना ते आपोआप घडतात आणि बहुतेक निरुपद्रवी ठरतात. त्यांतला एखादा डोळा घडवणाऱ्या जनुकावर पडला, तर घराण्यात पूर्वी कधी न दिसलेला दोष उमटतो. पॅक्स-६ हे असेच एक जनुक. त्याची एक प्रत निकामी झाली की बुबुळ जवळपास तयारच होत नाही. या विकाराला अॅनिरिडिया म्हणतात. त्याच्या सुमारे एक तृतीयांश बाळांमध्ये हा बदल नव्यानेच झालेला असतो. या जनुकाचा अधिकार केवढा मोठा आहे, हे १९९५ साली वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत दिसले: उंदराचे हे जनुक फळमाशीच्या शरीरात भलत्याच ठिकाणी चालू केले, तेव्हा तिथे डोळा उगवला आणि तो माशीचाच डोळा होता.

अकराव्या गुणसूत्रावर पॅक्स-६च्या शेजारीच मूत्रपिंडाशी संबंधित डब्ल्यूटी-१ हे जनुक आहे. गुणसूत्राचा तुकडा गळून दोन्ही जनुके गेली असतील, तर जवळपास निम्म्या मुलांना लहानपणी मूत्रपिंडाचा कर्करोग होतो. वेळेवर सापडला तर तो बहुधा बरा करता येतो. त्यासाठी पहिली काही वर्षे दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात. कोलोबोमाच्या बाळाचेही हृदय, ऐकणे आणि मूत्रपिंडे तपासणे शहाणपणाचे असते, कारण सीएचडी-७ या जनुकातील बिघाडात ते सगळे एकत्र बाधित होऊ शकते. ‘कारण कळून काय उपयोग, दोष तर झालाच आहे,’ असे बोलणे म्हणूनच मला पटत नाही.

जनुकीय चाचणीच्या आधी एक साधी तपासणी मात्र फार वेळा राहून जाते, ती म्हणजे आईवडिलांचे डोळे औषध घालून पाहणे. दृष्टिपटलाच्या कडेची छोटीशी खाच घेऊन एखादी व्यक्ती काहीही त्रास न होता आयुष्य काढते आणि तोच बदल बाळात मोठ्या रूपात येतो. अशा वेळी पुढच्या प्रत्येक अपत्याला तो बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. दोघेही निरोगी वाहक असतील आणि दोष जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यावरच दिसणारा असेल, तर शक्यता २५ टक्के. बदल नव्याने घडलेला असेल तर ती फार थोडी असते, पण शून्य नसते, कारण आईच्या वा वडिलांच्या काही बीजपेशींमध्येच तो दडलेला असू शकतो.

हा शोध चालू असताना उपचार थांबवू नयेत. दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर शस्त्रक्रिया साधारण पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत व्हावी लागते, नाहीतर त्या डोळ्याने पाहायला मेंदू शिकतच नाही. गॅलॅक्टोसेमियामुळे, म्हणजे दुधातील साखर शरीराला नीट वापरता न येण्याच्या जन्मजात विकारामुळे, आलेला मोतीबिंदू तर फार लवकर ओळखला आणि बाळाचे दूध बदलले, तर ओसरूही शकतो.

सगळ्या तपासण्यांनंतरही पुष्कळ कुटुंबांच्या हाती ‘कारण आढळले नाही’ किंवा ‘या बदलाचा अर्थ अनिश्चित’ असा अहवाल येतो. तो आजच्या माहितीपुरता असतो. नवी जनुके ओळखली गेली की, रक्त पुन्हा न घेता, साठवलेली तीच माहिती पुन्हा वाचता येते. म्हणून चाचणीचा अहवाल जपून ठेवावा आणि दोन-तीन वर्षांनी जनुकतज्ज्ञांना फेरवाचनाविषयी आपणहून विचारावे.