कयाकमधून बास गरवण्याचं सामान: कुठून आलं आणि का बदललं

कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या होडीत, बसून बास गरवणाऱ्याच्या हाताशी जे काही असतं, ते जवळजवळ सगळं दुसऱ्याच कुणासाठी घडवलेलं आहे. रीळ काठावर उभ्या माणसासाठी, लांब रॉड मोठ्या बोटीच्या डेकवर उभ्या माणसासाठी आणि खुद्द कयाक सीलच्या शिकारीसाठी. पायाखाली घट्ट काहीतरी आहे, हे रीळ आणि रॉड घडवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. कयाकमध्ये नेमकं तेच नसतं. हे सामान कुठे अडतं, कशामुळे मोडतं आणि काय निवडावं, हे त्याची वंशावळ पाहिली की लक्षात येतं.

आधी मासा. इथे बास म्हणजे ब्लॅक बास, त्यातही लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. दोन्ही उत्तर अमेरिकेतले, गोड्या पाण्यातले, सनफिशच्या कुळातले. आपल्या खाडीतल्या जिताड्यालाही इंग्रजीत सीबास म्हणतात, पण तो वेगळ्या कुळातला. लार्जमाउथ पाणवनस्पती, बुडालेली खोडं, धक्क्याचे खांब अशा आडोशाला दबा धरून बसतो. आमिष त्याच्या तोंडाशी पडावं लागतं आणि गरी लागली की त्याला तत्काळ आडोशाबाहेर वळवावं लागतं, नाहीतर तो दोरी खोडाभोवती गुंडाळून मोकळा होतो. स्मॉलमाउथ खडकाळ, थंड, बहुधा वाहत्या पाण्यातला. पुढचा जवळजवळ सगळा इतिहास लार्जमाउथच्या आडोशाभोवती घडला.

रिळाची सुरुवात घड्याळजींकडे झाली. केंटकीतल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडरने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांमध्ये दातेरी चाकांचं रीळ बनवलं. हँडल एकदा फिरवलं की दोरीची फिरकी अनेकदा फिरायची. मग केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी ही कारागिरी पुढे नेली. 1897 मध्ये मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या विल्यम शेक्सपियर ज्युनियरने दोरी फिरकीवर सारखी गुंडाळणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. आजचं बेटकास्टर रीळ याच घराण्यातलं, आणि त्याचा जन्मजात दोषही तोच: लुअरचा, म्हणजे नकली आमिषाचा, वेग उतरतो, फिरकी मात्र त्याच जोरात फिरत राहते आणि दोरीचा गुंता होतो. कयाकमध्ये बसून टाकताना रॉडचं टोक पाण्याजवळ असतं, फेक मनगटाने झटक्यात होते आणि म्हणून गुंता जास्त होतो. यावर उपाय सोपा आहे. लुअर टोकाला लटकवून क्लच सोडा, लुअर सावकाश खाली उतरेल इतपत फिरकी घट्ट करा आणि ब्रेक बोटीवर ठेवता त्याहून एक घर वर ठेवा. दहा फूट कमी गेलं तरी चालेल. कयाक मुळातच माशाच्या जवळ जाते.

रॉडच्या गोष्टीत एक धागा भारतातून निघतो. 1840 च्या दशकात पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा बंदूक कारागीर सॅम्युएल फिलिप बांबू चिरून, पट्ट्या पुन्हा चिकटवून रॉड बनवू लागला. तो बांबू ‘कलकत्ता केन’ या नावाने ओळखला जायचा, कारण तो कलकत्त्याच्या बंदरातून जहाजाने जायचा. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस काचतंतूचे रॉड बाजारात आले आणि 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवल्यावर बांबूचे दिवस भरलेच. 1973 मध्ये फेनविक कंपनीने कार्बनतंतूचा रॉड आणला. कार्बन हलका, ताठ, पाण्याखालचा बारीक स्पर्शही हातापर्यंत पोचवणारा. पण त्याला ओरखडा सोसत नाही आणि फार वाकवलेला खपत नाही.

कयाकमध्ये हे दोन्ही रोज घडतं. मासा आसनापाशी आला की बसलेला माणूस हात उंच करून रॉड जवळजवळ उभा धरतो. मग सगळा ताण जाड भागावर न जाता टोकाच्या शेवटच्या फूटभरावर येतो आणि टोक तटकन तुटतं. मासा जवळ घेताना रॉडच्या लांबीएवढी दोरी बाहेर ठेवावी, मूठ कोपराच्या पातळीत ठेवून रॉड मागे आडवा न्यावा आणि मासा जाळीवर सरकवावा.

दोरी आणि आमिष यांत विसाव्या शतकाच्या मध्याला मोठी उलथापालथ झाली. ड्यूपाँने 1938 मध्ये नायलॉन जाहीर केलं आणि त्यातून एकतारी दोरी, आपल्याकडचा तंगूस, आली. 1949 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या निक क्रीमने मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ बाजारात आणला. टेक्सासमध्ये त्याला पुढे गोळीच्या आकाराचं शिसं लावून, गरीचं टोक गांडुळाच्या अंगात लपवून टाकायची पद्धत रुजली. तीच टेक्सास रिग. झाडोऱ्यात अडकत नाही, म्हणून बाससाठी अजूनही पहिली पसंती तिलाच. पण गरीला आधी प्लॅस्टिक आणि मग जबडा भेदायचा असतो, म्हणून झटका जोरदार द्यावा लागतो. हा ‘जोरदार झटका’ पुढे कयाकमध्ये सगळ्यात जास्त नडला.

1967 मध्ये रे स्कॉटने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बास गरवण्याची मोठी स्पर्धा घेतली, 1968 मध्ये बी.ए.एस.एस. ही संस्था उभी केली आणि 1971 मध्ये लेक मीडवर बासमास्टर क्लासिक ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. 1972 पासून स्कॉटने मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. स्पर्धांमुळे बोटी मोठ्या झाल्या, डेक उंच झाले. याच काळात कॅलिफोर्नियाचा डी थॉमस लव्हाळ्यात खूप लांब रॉडने आमिष अलगद सोडून स्पर्धा जिंकू लागला. आयोजकांनी रॉडच्या लांबीवर 8 फुटांची मर्यादा घातली, आणि फ्लिपिंगसाठी साडेसात फुटी दणकट रॉड रूढ झाला. लंबकासारखं आमिष झुलवून गवताच्या खळग्यात ठेवायचं ही फ्लिपिंगची रीत. ती उभ्या माणसासाठी आहे. बसलेल्याचा लंबक पाण्यालाच घासतो.

आता कयाक. आर्क्टिकच्या इनुइट आणि अल्युशन बेटांवरच्या उनांगन लोकांनी लाकूड किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवली. अरुंद आणि आवाज न करणारी. 1907 च्या सुमारास जर्मनीत योहान क्लेपरने घडीची कयाक विकायला सुरुवात केली. खरा फरक 1970 च्या दशकात पडला. 1973 मध्ये साच्यात फिरवून ओतलेली पॉलिथिलीनची कयाक आली, म्हणजे दगडावर आपटली तरी न फुटणारी. त्याच दशकात कॅलिफोर्नियात टिम नीमियरने वर बसायच्या कयाकला आकार दिला. उलटली तरी आत पाणी भरत नाही आणि माणूस परत चढू शकतो. मासे गरवणाऱ्यांना हेच हवं होतं. मागच्या खळग्यात दुधाचा प्लॅस्टिक क्रेट बांधायचा, त्याला पीव्हीसी नळीचे तुकडे बांधून रॉड उभे ठेवायचे, ही घरगुती युक्ती इतकी पसरली की कंपन्यांनी पुढे त्याच मापाचे खळगे दिले. 1997 मध्ये होबी कंपनीचा पायाने चालणारा मिराजड्राइव्ह आला आणि हात वल्ह्यातून सुटले. आज बाससाठीची कयाक साधारण 12 फूट लांब आणि 34 ते 36 इंच रुंद असते. शांत पाण्यात तिच्यात उभंही राहता येतं.

ही दोन घराणी एकत्र आली तेव्हा पहिला बळी त्या जोरदार झटक्याचा गेला. बोट शेकडो किलोंची असते, म्हणून झटका दिला की दोरी ताणली जाते. कयाक हलकी, तिला पाण्यात पकड नाही. झटक्याचा बराच भाग कयाकलाच माशाकडे ओढण्यात जातो आणि ढिल्या दोरीत गरी अर्धवट रुतते. नायलॉन ताणलं की लांबतं, त्याने नुकसान वाढतं. म्हणून 1990 च्या दशकात आलेली, जवळजवळ न ताणणारी विणीची दोरी कयाकमध्ये बोटीपेक्षाही जास्त उपयोगी ठरली. रीत अशी: टोचणी जाणवली की रॉड खाली धरून दोरी ढिली नाही इतकी गुंडाळा, मग रॉड बाजूला लांब, सलग ओढा आणि त्याच वेळी गुंडाळत राहा. मासा बरोबर एका बाजूला असताना त्या दिशेला अंग झुकवून झटका देऊ नका. तोल तिथेच जातो. बारीक तारेची, धार केलेली गरी अर्धं काम करते.

रॉडची लांबी कयाकच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, ठरते. 12 फुटी कयाकमध्ये आसनापासून नाळ साधारण 6 फूट पुढे असते. मासा नाळेखालून दुसऱ्या बाजूला गेला की टोक नाळेपलीकडून फिरवावं लागतं. साडेसहा फुटांपेक्षा आखूड रॉडची दोरी कयाकच्या तळाला घासते. लांबी वाढवा, पण मूठ नको: रिळामागची मूठ लांब असेल तर तिचं टोक लाइफ जॅकेटच्या खिशात अडकतं आणि नेमकी फेक चुकते. फ्लिपिंगचे लांब मुठीचे रॉड इथेच बाद होतात. 9 इंचांच्या आसपासची मूठ बरी.

पहिला रॉड 7 फुटी, मीडियम हेवी (ताठपणात मध्यमाहून दणकट), टोकाला झटकन वाकणारा, 30 पौंड ताण सोसणाऱ्या विणीच्या दोरीसह. टेक्सास रिग, जिग (शिसं ओतलेली गरी), स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष) त्यावर चालतात. दुसरा स्पिनिंग (फिरकी स्थिर असलेल्या रिळाचा), मीडियम, 10 पौंड विणीच्या दोरीला 8 पौंड फ्लुरोकार्बन दोरीचा 6 फुटी तुकडा जोडून, ड्रॉप शॉट (शिसं खाली, गरी वर) आणि नेड रिग (हलक्या जिगवर छोटं मऊ प्लॅस्टिक) अशा हलक्या कामासाठी. झाडोऱ्यात जाणार असाल तर तिसरा हेवी, 50 पौंडांवर, पोकळ रबरी बेडकासाठी. आपल्याकडे मरळ गरवायला वापरतात तोच बेडूक. तीनच्या वर रॉड नेले तर फेकताना मागे अडकतात, फांदीखाली मोडतात.

वनस्पतीत घुसलेला मासा हा मात्र कयाकचा फायदा आहे. बोटीवरचा माणूस ओढून दोरी तोडतो. कयाकमध्ये दोरी ताणलेली ठेवून गुंडाळत राहिलं की कयाकच माशाकडे सरकते. थेट वरून, हाताने गवत बाजूला करून, मासा उचलता येतो. उलट क्रँकबेट (ओढलं की खोल बुडणारं टणक लुअर) ओढताना कयाक पुढे घसरत जाते आणि लुअर हवं त्या खोलीवर राहत नाही. तेव्हा दीड किलोचा घडीचा नांगर आणि त्याची दोरी नाळ किंवा पिछाडीपर्यंत नेणारी कप्पी लागते. वाहत्या पाण्यात नांगर कधीही मधोमध बांधू नये. प्रवाह कयाकला आडवं करतो आणि उलटवतो. दोरी चटकन सोडता येईल अशी अडकवावी, सुरी हाताशी असावी.

मासे जिवंत ठेवायची टाकी कयाकमध्ये नसते, म्हणून कयाकच्या स्पर्धा वजनावर नव्हे, लांबीवर चालतात. पकडा, पट्टीवर ठेवून फोटो काढा, सोडा आणि सर्वात लांब पाच माशांची बेरीज करा. 2020 मध्ये बी.ए.एस.एस.नेही याच पद्धतीने कयाकची मालिका सुरू केली. फोटोआधी मासा मांडीवरून उडी मारून जातो तो बहुतेक घाईमुळे. म्हणून मासा जाळीतच पाण्यात ठेवा, पट्टी ओली करून मांडीवर आडवी घ्या, कॅमेरा चालू करा, गरी काढा आणि मगच मासा वर घ्या. तोंड मिटलेलं, पट्टीच्या आडव्या फळीला टेकलेलं हवं. तोंड आणि फळी यांत फट दिसली तर पंच मोजलेली लांबी कमी धरतात.