हायलाइफ आणि पारंपरिक ढोलवादन: घानाच्या दोन रेकॉर्ड, ऐकायच्या दोन तऱ्हा

एका मित्राने पेनड्राइव्ह हातात ठेवला. त्यावर एकच फोल्डर, नाव 'आफ्रिकन ड्रम्स', आत चाळीसेक ट्रॅक. पहिल्यात ट्रम्पेट, सॅक्सोफोन, मागे खुळखुळे आणि बसल्या जागी पाय हलवणारी चाल. दुसऱ्यात लोखंडावर काठी आपटल्याचा टणटणाट, त्याखाली तीन-चार ढोल आणि जमावाचं गाणं. दोन्ही ट्रॅक घानाचे. पहिल्या जातीचे ट्रॅक मी परत परत लावले आणि दुसऱ्या जातीचे दीड मिनिटात पुढे ढकलले. बरेच दिवसांनी लक्षात आलं की हायलाइफला, म्हणजे त्या पहिल्या जातीच्या संगीताला, चालणारा कान मी ढोलांनाही लावत होतो. ठुमरीच्या अपेक्षेने तबला सोलोला जाऊन बसावं, तसा प्रकार.

आधी हायलाइफ, कारण ते लवकर उमगतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, किनाऱ्यावरच्या शहरांत बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या: पलटणींचे ब्रास बँड, बंदरात उतरणाऱ्या खलाशांच्या गिटारी, चर्चमधली अनेक आवाजांत बांधलेली भजनं आणि लोकांची आपापल्या भाषेतली गाणी. पुढे बड्या लोकांच्या क्लबांत नाचाच्या ऑर्केस्ट्रा आल्या. अक्रातल्या रॉजर क्लबसारख्या ठिकाणी आत जायला साडेसात शिलिंगांच्या आसपास पडत आणि वर साहेबी पोशाख लागे, टॉप हॅटसकट. ज्यांना ते परवडत नव्हतं ते बाहेर उभे राहून ऐकत, आतल्या जोडप्यांची मजा बघत, आणि या सगळ्या थाटाला 'हाय लाइफ' म्हणत. ही हकीकत यबुआ मेन्सा या वादकाने सांगितलेली आहे. थोडक्यात, नाव ठेवलं ते दाराबाहेरच्यांनी.

यबुआचा धाकटा भाऊ म्हणजे ई. टी. मेन्सा (1919–1996). फार्मसी शिकलेला, पण ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने 'टेम्पोज' हा बँड हातात घेतला आणि मोठ्या ऑर्केस्ट्राऐवजी आठ-दहा जणांचा आटोपशीर संच बांधला. त्याचा ड्रमर गाय वॉरन लंडनमध्ये क्यूबन ढंगाच्या बँडबरोबर वाजवून आला, तो बोंगो आणि ती लय घेऊनच. पश्चिम आफ्रिकाभर या बँडच्या डेका कंपनीच्या तबकड्या खपल्या. 1956मध्ये अमेरिकेचा जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग अक्राला आला, तेव्हा मेन्साने त्याच्याबरोबर वाजवलं.

हा झाला बँडवाला हायलाइफ. दुसरा गिटारवाला, खेड्यापाड्यांतला, ताडीच्या गुत्त्यांतला. 1928मध्ये कुमासी ट्रिओ नावाच्या तिघांनी लंडनला जाऊन 'या अम्पोन्सा' हे गाणं मुद्रित केलं. अंगठा आणि तर्जनी एवढ्यावर गिटार छेडायची लायबेरियाकडच्या क्रू जमातीच्या खलाशांची पद्धत त्यात ऐकू येते. त्या गाण्याची सुरावट पुढे शेकडो हायलाइफ गाण्यांचा सांगाडा झाली.

मराठी कानाला हायलाइफ परकं वाटत नाही, आणि त्याचं कारण मला तरी मुंबईत सापडतं. त्याच सुमारास गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत नाचाचे बँड चालवत होते. तेच पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात शिरले. ट्रम्पेटने मुखडा घ्यायचा, सॅक्सोफोनने उत्तर द्यायचं, मागे खुळखुळे चालू: हे आपण रेडिओवर लहानपणापासून ऐकलंय, फक्त कुठून आलं ते विचारलं नाही.

आता ढोल. 'आफ्रिकन ड्रमिंग' या नावाखाली इतक्या वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात की एक हातात धरूनच बोललेलं बरं. घानाच्या आग्नेय कोपऱ्यात, व्होल्टा नदीपलीकडे, एवे लोक राहतात. त्यांचं 'अग्बाड्झा' घेऊ. जमावात, अंत्यविधीला, सणाला वाजतं. वाद्यं मोजकी. गांकोगुई ही लोखंडाची जोडघंटा, एक मोठी आणि एक लहान, आत लोलक नाही, काठीने वाजवायची. अक्सात्से म्हणजे भोपळ्यावर मण्यांची जाळी चढवलेला खुळखुळा. आणि ढोल तीन: सगळ्यात बारीक कागानू, मधला किडी, मोठा सोगो. वर टाळ्या आणि गाणं.

घंटेपासून सुरुवात करावी. मी स्टीलची वाटी उपडी घालून चमच्याने शिकलो, तुम्हीही करून बघा. एकसारखे बारा अंक मोजायचे, भरभर, आणि 1, 3, 5, 6, 8, 10, 12 यांवर चमचा मारायचा. सात ठोके. बारा अंक संपले की न थांबता पुन्हा एकपासून. पहिल्या दहा-बारा फेऱ्यांत हात 5 आणि 6च्या जोडीवर अडखळतो. एकदा बसलं की मात्र वाटी थांबवावीशी वाटत नाही. आमच्या घरी ती शेवटी काढून घेण्यात आली.

आता पायाने 1, 4, 7, 10 असे चार ठोके द्या. घंटा यांपैकी 1 आणि 10 या दोनच जागी पायाला भेटते. 4 आणि 7 पोकळ जातात. चार ठोक्यांतल्या दोन जागा घंटेने मोकळ्या सोडल्या आहेत आणि तरी पाय चुकत नाही. सगळी गंमत त्या मोकळ्या जागांत भरलेली आहे. कागानू पायाच्या प्रत्येक ठोक्यानंतरच्या दोन बारीक जागा भरतो, पायावर कधीच वाजत नाही. किडी आणि सोगो बोलत असतात: सोगो काहीतरी म्हणतो, किडी त्याला उत्तर देतो.

तबला सोलो ऐकणाऱ्याला एक किल्ली आयती मिळालेली आहे. लेहरा. हार्मोनियमवरचा लेहरा तासभर तेच ते वाजतो आणि कोणी त्याला कंटाळवाणा म्हणत नाही, कारण त्याचं काम आवर्तन दाखवायचं. बघायचं असतं ते तबलजी त्याच्यावर काय उभं करतो ते. घंटेचं काम हेच. मी दीड मिनिटात ट्रॅक बदलत होतो, कारण लेहऱ्यालाच बंदिश समजत होतो. आणि एवे वादक घंटेची ओळ मनात धरतात ती पहिल्या ठोक्यावर येऊन मिटणारी. सुरुवात तीच आणि मुक्कामही तोच. सम म्हटलं की आपल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

एका ठिकाणी मात्र आपली सवय आडवी येते. ढोल-ताशात ताशा बारीक आणि पुढे, ढोल जाड आणि मागे ठेका धरून. एव्यांकडे उलटं आहे. बारीक कागानू ठेका धरतो आणि जाड आवाजाचा मोठा ढोल बोलतो. म्हणून कान खाली न्यावा लागतो. यात फोनचा स्पीकर घात करतो: घंटा आणि खुळखुळा खणखणीत येतात, मोठ्या ढोलाचा दम निघून जातो, आणि तुम्ही ऐकता नुसता टणटणाट. हायलाइफ फोनवरही तरतं, कारण त्याचा जीव ट्रम्पेट आणि गिटारीत, म्हणजे मधल्या पट्टीत आहे. ढोलांना हेडफोन लावा, किंवा बरा स्पीकर तरी.

अकान लोकांच्या अतुम्पानमध्ये 'बोलतो' हा शब्द अलंकारिक राहतच नाही. दोन ढोलांची जोडी, एक खर्जातला, एक चढ्या आवाजाचा, आकड्यासारख्या वाकड्या काठ्यांनी वाजवतात. अकानांच्या त्वी भाषेत शब्दाचा अर्थ सुराच्या चढउतारावर ठरतो, त्यामुळे ढोल तो चढउतार वाजवून वाक्यं बोलू शकतो. घानाच्या सरकारी रेडिओने आपली ओळखधून म्हणून हेच वापरलं: 'घाना, मुन्तिये', म्हणजे घानावासीयांनो, ऐका.

रेकॉर्ड म्हणून या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. हायलाइफच्या बँडांनी गाणी त्या मापातच बेतली: मुखडा, कडवं, सॅक्सोफोनची फिरत, मुखडा, बंद. तबकडी हेच त्या गाण्याचं घर. ते ऐकलं म्हणजे गाणं पूर्ण ऐकलं. ढोलवादनाची रेकॉर्ड म्हणजे मात्र खिडकी. अग्बाड्झा तासन्‌तास चालतं. समोर नाचणारे असतात, मोठा ढोल त्यांच्याशी बोलत असतो, मध्येच कोणी नवं गाणं उचलतं. यातलं चार मिनिटांचं कापून तबकडीवर घेतलं की नाच जातो आणि उरतो फक्त आवाज. अशा ट्रॅकला सुरुवात आणि शेवट नीट नसतो म्हणून मी वैतागायचो. मधूनच कापलेल्या पालखीच्या चित्रफितीला शेवट कुठला असणार? म्हणून आता मी ढोलांचे छोटे ट्रॅक सोडतो आणि असतील तेवढे लांबलचक निवडतो, पहिली पाच मिनिटं नुसती घंटा धरतो, मग एकेक ढोल.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, सोपं आहे की, पारंपरिक म्हणजे जुनं आणि हायलाइफ म्हणजे नवं. इथेच गाडं अडतं. 'पारंपरिक ढोल' या शिक्क्याच्या रेकॉर्डवर हमखास सापडणारं एक नाव म्हणजे क्पानलोगो. अक्राच्या गा लोकांचा हा नाच. तो 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तरुण पोरांनी बसवला, जुने गा ठेके, हायलाइफ आणि रॉक अँड रोल यांची मिसळ करून. कमरेच्या हालचाली अश्लील आहेत म्हणून त्यावर आक्षेप घेतले गेले आणि प्रकरण घानाचे तेव्हाचे अध्यक्ष एन्क्रुमा यांच्यापर्यंत पोचलं. म्हणजे हे 'पारंपरिक' कुमासी ट्रिओच्या तबकडीपेक्षा तीसेक वर्षांनी धाकटं. त्याच्या घंटेत सोळा अंक असतात, ठोके 1, 4, 7, 11, 13 वर. वाटीवर वाजवून बघितलंत तर क्यूबन गाण्यांत ऐकलेलं काहीतरी आठवेल, आणि टेम्पोजच्या रेकॉर्डमध्येही त्याचे भाऊबंद भेटतील. त्यामुळे बारा म्हणजे पारंपरिक आणि सोळा म्हणजे हायलाइफ, हा हिशोबही धरू नका. गिटारवाल्या हायलाइफमध्ये बाराच्या चालीची गाणी आहेत, आणि एव्यांचं 'गाहू' सोळाचं आहे.

ढोलांवरूनही ओळख पटत नाही. 1982 ते 1984 घानात रात्रीची संचारबंदी होती. ज्या संगीताचं पोट रात्रीच्या नाचावर त्याचं काय होणार? बरेच वादक देश सोडून गेले, काही जर्मनीला. तिथे सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर जे तयार झालं त्याला 'बर्गर हायलाइफ' म्हणतात. कातड्याचा ढोल त्यात औषधालाही नसला तरी चालतो, आणि ते हायलाइफच असतं. मला स्वतःला ते फारसं भावत नाही, मशीनचा ठेका फार सरळ पडतो.

मी आता दोनच गोष्टी तपासतो. चाल गुणगुणता येते का, म्हणजे स्वरांची साथ गाण्याला पुढे नेते आहे का? मग हायलाइफ, उभं राहून ऐका. चाल जमावाच्या तोंडी आहे आणि खाली घंटेभोवती बाकीचे बोलताहेत? मग बसा आणि वाटी घ्या.

फोल्डरचे मी दोन फोल्डर केले. अडलो तो गाय वॉरनपाशी. टेम्पोज सोडून तो अमेरिकेला गेला, जॅझवाल्यांबरोबर रेकॉर्ड काढली, परत येऊन कोफी घानाबा झाला, आणि मोठमोठे पारंपरिक ढोल पायाच्या पेडलांनी जोडून ड्रम सेटसारखे एकटा वाजवू लागला. त्याचे तीन ट्रॅक आहेत, ते सध्या दोन्हीकडे ठेवलेत.