माल पातळ करू का जी?

नागपुरात बेलतरोडीकडच्या एका लेआऊटमध्ये ताईचं घर उभं राहू लागलं, तेव्हा "तू केमिस्ट्री शिकवतोस ना, मग सिमेंटवर लक्ष ठेव" म्हणत तिने मला रोज संध्याकाळी साइटवर पाठवायला सुरुवात केली. बांधकामातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. वर्षभरात एवढं कळलं की लक्ष सिमेंटपेक्षा पाण्यावर ठेवायचं असतं. कुठे ते जास्त झालं म्हणून घर बिघडतं, कुठे कमी पडलं म्हणून.

पहिला घोळ जमिनीतच असतो. नागपूर दोन खडकांच्या शिवेवर वसलंय. पश्चिमेकडे दख्खनचा काळा बेसॉल्ट, सीताबर्डीची टेकडी त्यातलीच. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने नाइस आणि शिस्ट. बेसॉल्ट झिजून झालेली काळी माती कपाशीला मानवते, भिंतींना नाही. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे, पापुद्र्यावर पापुद्रा रचलेले, आणि पाणी थेट त्या पापुद्र्यांमध्ये शिरतं. पावसाळ्यात माती फुगते, मे महिन्यात आकसून तिला भेगा पडतात. घराच्या मध्याखालची ओल टिकून राहते, पण कडेची माती दरवर्षी ओली-सुकी होते. मग कोपरे तेवढे वर-खाली होतात आणि खिडकीच्या कोनातून तिरपी चीर निघते. प्लास्टर कितीही वेळा केलं तरी ती पुन्हा तिथेच उमटते.

आपल्या प्लॉटची माती किती फुगेल, हे घरी पाहता येतं. खणलेल्या खोलीवरची माती पूर्ण वाळवून, कुटून, बारीक चाळायची (प्रयोगशाळेत ४२५ मायक्रॉनची चाळणी वापरतात). १०-१० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत टाकायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास हात लावायचा नाही. रॉकेलच्या रेणूंवर विद्युतभाराची ओढाताण नसते, त्यामुळे ते पापुद्र्यांत शिरत नाही आणि माती आहे तेवढीच राहते. आमच्याकडे रॉकेलात माती १० मिलिलिटरवर बसली, पाण्यात १७ वर. म्हणजे फुगवटा ७० टक्के. ५० च्या वर आकडा गेला की साध्या उथळ पायाचा विचार सोडावा. खरं तर सर्वांत अवघड काम रॉकेल मिळवण्याचं होतं.

अशा जमिनीत एकतर काळी माती काढून मुरूमापर्यंत खाली जायचं, नाहीतर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घ्यायचे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्याकडे विकसित केलं आणि रुजवलं. पाइलचा तळ घंटेसारखा फुगीर असतो आणि तो ओल वर्षभर सारखी राहते तेवढ्या खोलीवर, काळी माती खोल असेल तर किमान साडेतीन मीटरवर नेतात. वरची माती उसळली तरी तो फुगीर तळ पाइलला वर येऊ देत नाही. आमच्याकडे सात फुटांवर मुरूम लागला, तेव्हा पहिला मार्ग घेतला. ठेकेदार पाच फुटांवरच थांबायला तयार होता.

स्लॅब पडला तो नेमका नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत. सकाळी सहाला मिक्सर सुरू झाला, आठला ऊन पाठीवर आलं आणि मिस्त्रीने विचारलं, "माल थोडा पातळ करू का जी, सर? काई नाई होत."

होतं. सिमेंट पाण्याशी रासायनिकरीत्या बांधलं जातं, पण त्या बांधणीला त्याच्या वजनाच्या जेमतेम पाव हिस्सा पाणी पुरतं. बाकीचं पाणी माल हलवता-पसरवता यावा म्हणून असतं, आणि नंतर ते उडून गेलं की त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं उरतात. डफ अब्रॅम्स या अमेरिकी अभियंत्याने १९१८ मध्ये दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी म्हणजे प्रमाण ०.५. त्यात आणखी ५ लिटर, म्हणजे अर्धी बादलीही नाही, ओतलं की ताकद ढोबळमानाने पाचव्या हिश्श्याने घटते. आणि कन्हान नदीची रेती ओली असेल, तर तिच्या अंगचं पाणीही याच हिशोबात धरायचं, हे साइटवर कोणीच धरत नाही.

पातळपणा मोजायला शंकू असतो: ३०० मिलिमीटर उंच, वर अरुंद, खाली रुंद. त्यात माल ठासून भरायचा, शंकू सरळ वर उचलायचा आणि माल किती खचला ते पट्टीने पाहायचं. स्लॅबला ७५ मिलिमीटरच्या आसपास खचला तर ठीक. भाकरीसारखा पसरला, तर तो माल परत. माल पसरत नसेल, तर त्यावर उपाय पाण्याचा डबा नव्हे, माल थरथरवून बसवणारा व्हायब्रेटर. मी त्या दिवशी पाणी मोजून द्यायला मग्गा आणि बादली घेऊन मिक्सरजवळ बसलो, लोक हसले.

त्याच मालाचे १५० मिलिमीटरचे क्यूब भरून २८ दिवसांनी दाबून फोडतात. एम-२०, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीच्या, काँक्रीटच्या क्यूबने सुमारे ४६ टन वजन पेलायला हवं. आमच्या हजार चौरस फुटांच्या, पाच इंची स्लॅबला जवळपास पावणेबारा घनमीटर माल लागला. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे एवढ्याला किमान दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. क्यूबसाठी खास घट्ट माल कालवण्याची एक कला साइटवर असते, म्हणून साचे भरताना आपण तिथे उभं राहावं. पण अहवालावर फार विसंबूही नये. क्यूब २८ दिवस हौदात बुडून असतो आणि स्लॅब नागपूरच्या उन्हात. क्यूब सांगतो की माल काय होऊ शकला असता. स्लॅबचं काय झालं ते पाणी मारणाऱ्यावर ठरतं.

इथे पाण्याची भूमिका उलटते. काँक्रीट वाळून घट्ट होतं असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात ते पाण्याखालीही घट्ट होतं. वाळलं की उलट वाढ थांबते. ४५ अंश तापमान, कोरडी हवा आणि लू असेल, तर ताज्या काँक्रीटमधून ताशी दर चौरस मीटरला एक लिटरहून जास्त पाणी सहज उडू शकतं. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर याचा अर्थ तासाला सहाएक बादल्या. खालून पाणी वर येण्याआधी वरचा थर सुकतो आणि पहिल्याच दुपारी केसासारख्या चिरा पडतात. म्हणून सपाटी झाली की लगेच प्लास्टिक अंथरायचं, दुसऱ्या दिवशी छोटे बांध घालून क्यारी करायची आणि पाणी भरायचं.

किती दिवस? कोरड्या उष्ण हवेत किमान दहा, आणि राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर चौदा. आपल्याकडे बाजारात पीपीसी भरपूर, कोराडी-खापरखेड्यासारख्या वीजकेंद्रांची राख असतेच. ती राख सिमेंटच्या अभिक्रियेतून उरलेल्या चुन्याशी हळूहळू जुळते, म्हणून तिला ओल जास्त दिवस लागते. स्लॅबवर पाणी साठतं तरी. कॉलमवरून ते ओघळून जातं आणि सगळ्यात दुर्लक्ष तिथेच होतं. कॉलमला तरट गुंडाळून दिवसातून चारदा भिजवायचं. दुपारी दोनला जाऊन तरटाला हात लावून पाहा. कोरडं लागलं, तर तराईचं, म्हणजे पाणी मारण्याचं, वेळापत्रक कागदावरच आहे.

सळईचं थोडक्यात. तिच्याभोवती काँक्रीटचं आवरण हवं: स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०. काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, म्हणून आतला लोखंडी पृष्ठभाग गंजत नाही. आवरण पातळ असलं, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत पोचून ते संरक्षण मोडतो, गंज फुगतो आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडतात. त्यामुळे सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई ठरल्या उंचीवर उचलून धरणारे ठोकळे) आहेत की गिट्टीचे खडे, हे स्लॅब पडण्याच्या आदल्या संध्याकाळी वाकून पाहायचं. नंतर ते दिसत नाही. वजनही तपासता येतं. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे दर मीटरचे किलो. १२ मिलिमीटरच्या सळईला ०.८९. भाजीवाल्याच्या काट्यावर मीटरभर तुकडा ठेवून मी हे केलंय.

स्लॅब पडून गेल्यावर शंका आली, तर रिबाउंड हॅमर असतो. त्याचं टोक पृष्ठभागावर दाबलं की आतला स्प्रिंगचा ठोका किती उसळतो, त्यावरून वरच्या थराच्या कठीणपणाचा अंदाज येतो. तो अंदाजच. आत पोकळ जागा आहे का, हे त्याला कळत नाही. त्यासाठी ध्वनिलहरी एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूला पोचायला लागलेला वेळ मोजतात.

शेवटी पुन्हा पाणीच. बाथरूमच्या फरशा लावण्याआधी नळ्यांची तोंडं बंद करून तिथे इंचभर पाणी दोन दिवस साठवायचं आणि खालच्या छताकडे पाहायचं. आणि जोत्याला लागून चहूबाजूंनी बाहेरच्या उताराचा काँक्रीटचा पट्टा करायचा, म्हणजे छताचं पाणी भिंतीशेजारी काळ्या मातीत मुरणार नाही. आमच्या घरी यावरूनच शेवटचं भांडण झालं. ताईला त्या जागेत जास्वंदीची रांग हवी होती, रोज पाइपने पाणी घालायला. मी तिला ती दोन मोजपात्रं पुन्हा दाखवली. जास्वंद आता कुंपणाला लागून आहे.