विशिष्ट उष्माधारकता आणि अप्रकट उष्मा: पाण्याच्या उदाहरणांत कोणते सूत्र केव्हा वापरावे

पाण्याला दिलेली उष्णता एक तर त्याचे तापमान वाढवते, नाही तर त्याची अवस्था बदलते. पहिल्या कामाचा हिशेब विशिष्ट उष्माधारकतेने करतात, दुसऱ्याचा विशिष्ट अप्रकट उष्म्याने. दोन्ही राशी एका ग्रॅममागे किती ज्यूल लागतात हेच सांगत असल्यामुळे त्यांची गल्लत होते. मात्र पहिलीच्या एककात ‘प्रति अंश सेल्सिअस’ असते आणि दुसरीच्या एककात ते नसते. म्हणूनच पहिल्या सूत्रात वस्तुमान, उष्माधारकता आणि तापमानातील फरक यांचा गुणाकार येतो, तर दुसऱ्यात केवळ वस्तुमान आणि अप्रकट उष्मा यांचा. (केल्विनमध्ये बदलण्यासाठी २७३ मिळवत बसण्याची गरज नाही, कारण फरक दोन्ही मापनश्रेणींत सारखाच येतो.)

बर्फ वितळत असताना उष्णता देऊनही तापमापीतील पारा शून्यावरच थांबतो, कारण ती उष्णता रेणूंमधील बंध सैल करण्यात खर्च होते. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६१ च्या सुमारास ही ‘लपलेली’ उष्णता ओळखली.

आता उणे १० अंशांवरील ५० ग्रॅम बर्फाची १०० अंशांवरील वाफ करायची आहे असे समजू. बर्फाची उष्माधारकता प्रति ग्रॅम प्रति अंश सुमारे २.१ ज्यूल, म्हणजे पाण्याच्या ४.१८ च्या जेमतेम निम्मी असते; पहिल्याच टप्प्यात सवयीने ४.१८ घेणे ही नेहमीची चूक. बर्फ शून्यावर आणायला १,०५० ज्यूल लागतात, तो वितळवायला प्रति ग्रॅम ३३४ प्रमाणे १६,७००, ते पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला २०,९०० आणि त्याची वाफ करायला प्रति ग्रॅम २,२६० प्रमाणे १,१३,००० ज्यूल. एकूण १,५१,६५० ज्यूलपैकी जवळपास तीन चतुर्थांश उष्णता एकट्या शेवटच्या टप्प्यात जाते, आणि त्या टप्प्यात तापमान एका अंशानेही वाढत नाही.

खरी कसोटी मिश्रणाच्या उदाहरणांत लागते. शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ ५० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात टाकला आणि भांड्याने किंवा हवेने घेतलेली उष्णता सोडून दिली, तर अंतिम तापमान किती? सारा बर्फ वितळेल असे गृहीत धरून ‘पाण्याने दिलेली उष्णता = बर्फाने घेतलेली उष्णता’ हे समीकरण मांडले की उत्तर जवळपास उणे १५ अंश येते. कोमट पाणी आणि शून्य अंशाचा बर्फ एकत्र केल्यावर मिश्रण दोघांहूनही थंड व्हावे, हे उघडच अशक्य आहे. आकडेमोड बरोबर असूनही गृहीतकच चुकलेले असते. त्यामुळे समीकरणाआधी पाण्यापाशी देण्याजोगी उष्णता किती, हे पाहावे. शून्यापर्यंत थंड होताना पाणी २०,९०० ज्यूल देते आणि सारा बर्फ वितळायला ३३,४०० ज्यूल हवे असतात. साहजिकच सुमारे ६२.६ ग्रॅम बर्फ वितळतो, उरलेला तरंगत राहतो आणि तापमान शून्यच राहते. बर्फ ५० ग्रॅमच असता तर १६,७०० ज्यूलमध्ये तो पूर्ण वितळला असता, आणि उरलेल्या ४,२०० ज्यूलनी १५० ग्रॅम पाण्याचे तापमान सुमारे ६.७ अंशांवर नेले असते.